मालक कोण? भंडाऱ्याच्या बिडी उद्योगातील दायित्वाचा इतिहास

भंडारा जिल्हा म्हटला की तलाव, धानाची शेते आणि पितळी भांडी यांचे स्मरण होते. याच जिल्ह्याच्या हजारो घरांत पिढ्यान्‌पिढ्या चाललेल्या बिडी वळण्याच्या कामाचा उल्लेख मात्र इतिहासग्रंथांत क्वचितच येतो. वस्तुतः व्यापारी पेढीचे आपल्या श्रमिकांप्रती नैतिक आणि कायदेशीर दायित्व कोणते, या प्रश्नाचा निर्णय आपल्या देशात ज्या उद्योगांच्या निमित्ताने झाला, त्यांत बिडी उद्योगाचे स्थान फार वरचे आहे.

1999 साली गोंदिया जिल्हा वेगळा झाला. त्यापूर्वीचा अखंड भंडारा जिल्हा 1956 पर्यंत आधी मध्यप्रांताचा व नंतर मध्य प्रदेशाचा भाग होता. येथील जंगलात टेंभुर्णीची झाडे विपुल. उन्हाळ्यात त्यांची पाने तोडली जात. त्यालाच तेंदूपत्ता म्हणतात. तंबाखू गुजरातेतून येई, आणि गोंदिया, तुमसर, भंडारा रोड ही रेल्वेची स्थानके मालाची ने-आण सुलभ करीत. गिरणीच्या कापडाने हातमाग मोडला, शेतीचे काम तर वर्षातील काही महिनेच मिळे. अशा स्थितीत भूमिहीन कुटुंबांना, विशेषतः स्त्रियांना, घरबसल्या मिळणारे हे काम आधाराचे वाटले, तर नवल नाही.

परंतु या कामाची रचनाच अशी होती की दायित्व कोणावरच येऊ नये. कारखानदार पाने, तंबाखू आणि सूत सट्टेदाराच्या हाती देई. सट्टेदार ते गावोगावच्या घरांत वाटी आणि तयार बिड्या गोळा करी. मजुरी हजार बिड्यांवर मिळे. माल मोजताना काही बिड्या सदोष ठरवून बाजूला काढल्या जात. त्यांना ‘छाट’ म्हणत. छाटीची मजुरी कापली जाई. पाने कमी किंवा फाटकी मिळाली तर तोटा वळणारीचा. तिने विचारावे तर सट्टेदार कारखानदाराकडे बोट दाखवी, आणि कारखानदार म्हणे, या बाईला मी ओळखतही नाही. बिडीच्या कट्ट्यावर नाव कारखानदाराचे; श्रमाच्या जबाबदारीवर मात्र कोणाचेच नाव नव्हते.

या व्यवस्थेला पहिले संघटित आव्हान देणाऱ्यांत कामठीचे बाबू हरदास (1904-1939) अग्रगण्य होते. ‘जय भीम’ या अभिवादनाचे प्रवर्तक म्हणून आपण त्यांना ओळखतो. मध्यप्रांतातील बिडी मजुरांना त्यांनी संघटित केले आणि ठेकेदारांच्या जाचातून सुटका व्हावी म्हणून सहकारी तत्त्वावर बिडी उत्पादनाचा प्रयोगही केला, ही गोष्ट त्या मानाने कमी सांगितली जाते. 1937 साली ते स्वतंत्र मजूर पक्षातर्फे प्रांतिक कायदेमंडळावर निवडून आले. अस्पृश्यतेचा प्रश्न आणि मजुरीचा प्रश्न त्यांच्या दृष्टीने वेगळे नव्हते, कारण दोन्ही एकाच घरात राहत होते.

त्याच वर्षी मध्यप्रांतात अनियंत्रित कारखान्यांचा कायदा झाला. यंत्रशक्ती न वापरणारे बिडी, लाख आणि चामडे कमावण्याचे कारखाने त्याच्या कक्षेत आले. मात्र किमान 50 माणसे असलेल्या जागेलाच तो लागू होता. दायित्व असे छपराखालील डोक्यांच्या संख्येवर अवलंबून ठेवले की काम लहान जागांत आणि घरांत विखुरणे हेच मालकाच्या सोयीचे ठरते. पुढील तीस वर्षांचा संघर्ष या एका पळवाटेभोवती फिरला.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1942 ते 1946 या काळात केंद्र सरकारात मजूरमंत्री होते. त्यांच्या कारकिर्दीत 1944 साली नेमलेल्या रेगे समितीने बिडी उद्योगाची स्वतंत्र चौकशी केली. किमान वेतनाचे विधेयक बाबासाहेबांनी 1946 साली मांडले. 1948 साली त्याचा कायदा झाला आणि त्याच्या अनुसूचीत बिडी कामाचा स्पष्ट समावेश झाला. कारखान्याच्या भिंतीबाहेरच्या श्रमालाही किमान मोल आहे, हे तत्त्व त्यातून प्रस्थापित झाले.

तरीही मालक कोण, हा प्रश्न उरलाच. 1958 साली चिंतामण राव खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सट्टेदार आणि त्यांची माणसे ही कारखाना अधिनियमाखालील कामगार नव्हेत, असा निर्णय दिला. 1960 साली नागपूरच्या एका बिडी कारखान्याच्या, बिरधीचंद शर्मा यांच्या, खटल्यात वेगळी परिस्थिती होती. तेथे मजूर कारखान्यातच बसून काम करीत. मजुरी नगावर असली आणि येण्याजाण्याची मोकळीक असली, तरी ते कामगारच होत व रजेस पात्र होत, असे न्यायालयाने ठरविले. 1964 साली मद्रासकडील दिवाण मोहिद्दीन खटल्यात न्यायालय आणखी पुढे गेले. तेथील मध्यस्थ हे स्वतंत्र ठेकेदार नसून मालकाचे हस्तक आहेत आणि त्यांच्यामार्फत काम करणारे मालकाचेच कामगार आहेत, असा निष्कर्ष निघाला.

या अनुभवातून 1966 चा बिडी व सिगार कामगार अधिनियम जन्मला. घरी बिडी वळणारी स्त्रीही त्याने ‘कामगार’ मानली आणि ठेकेदारामागे असलेल्या मुख्य मालकाला उत्तरदायी केले. महाराष्ट्राच्या नियमांनी छाटीवर साधारणतः 5 टक्क्यांची मर्यादा घातली. कारखानदारांनी कायद्यास आव्हान दिले. पण 1974 साली मंगलोर गणेश बिडी वर्क्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरविला. 1976 साली कल्याण निधीचा कायदा आला, 1977 साली भविष्य निर्वाह निधी लागू झाला, आणि घरी काम करणाऱ्यांनाही तो लागू आहे हे 1985 साली न्यायालयाने मान्य केले.

येथे दीघनिकायातील सिगालोवाद सुत्ताची आठवण होणे स्वाभाविक आहे. त्यात तथागतांनी मालकाची पाच कर्तव्ये सांगितली आहेत : शक्ती पाहून काम देणे, अन्न व वेतन देणे, आजारात काळजी घेणे, उत्तम पदार्थांत वाटा देणे आणि योग्य वेळी विश्रांती देणे. कामाचे तास, किमान वेतन, दवाखाना, बोनस आणि भरपगारी रजा या आधुनिक तरतुदी त्यांच्याशेजारी ठेवून पाहाव्यात. कायदा सुत्तातून निघाला, असा दावा करण्याचे कारण नाही. लक्षात घ्यावयाचे ते इतकेच की सुत्तात कर्तव्य काम देण्याच्या संबंधातून उत्पन्न होते; ते काम कोणत्या छपराखाली होते, याचा तेथे प्रश्नच नाही. आपल्या कायद्याला त्या ठिकाणी पोहोचण्यास 1966 साल उजाडावे लागले.

आणखी एक प्रश्न टाळता येत नाही. उपासकाने शस्त्रे, प्राणी, मांस, मद्य आणि विष यांचा व्यापार करू नये, असे अंगुत्तरनिकायात सांगितले आहे. तंबाखू त्या काळी भारतात नव्हता. परंतु त्याची हानी आज निर्विवाद आहे. ती ओढणाऱ्यापुरती मर्यादित नाही. तंबाखूची धूळ वळणारीच्या आणि तिच्या लेकरांच्या श्वासातही जाते. तेव्हा हा उद्योग जावा, असे म्हणणे योग्यच. पण ज्या हातांनी पेढ्या श्रीमंत केल्या, त्यांना दुसरे काम न देता तो मोडला, तर सम्यक आजीविकेचा सारा भार सर्वांत दुबळ्या खांद्यावर पडेल.

कल्याण निधीचा बिडीवरील उपकर 2017 साली रद्द झाला. 1966 चा कायदा 2020 च्या संहितेत विलीन होऊन ती 21 नोव्हेंबर 2025 पासून अमलात आली. तरतुदींची नावे बदलली, तरी कसोटी जुनीच आहे. ज्या स्त्रीचे नाव नोंदवहीत नाही, जिच्याकडे ओळखपत्र नाही, तिच्यासाठी कोणताही कायदा हा केवळ कागद होय. म्हणून वस्तीवस्तीतील विहारांनी आणि मंडळांनी बिडी वळणाऱ्या भगिनींच्या नोंदी तपासाव्यात, ओळखपत्रे व निर्वाह निधीचे खाते मिळवून द्यावे. बाबू हरदास यांचे कार्य अपुरे राहिले आहे ते नेमके येथे.