दोरा, घड्याळ आणि लंडनचे अंतर

आम्हा कल्याण-डोंबिवलीकरांना ठाण्याला जाताना पारसिकचा डोंगर आडवा येतो. १८५४ साली कल्याणला पोचलेला लोहमार्ग या डोंगराला खाडीच्या बाजूने वळसा घालून आला. १९१६ साली बोगदा खुला झाला आणि जलद गाड्यांचा वळसा वाचला. गावे तीच राहिली, अंतर मात्र घटले.

आकाशात डोंगर आडवा येत नाही. मग विमान सरळच जात असेल ना? ८ जून १९४८ रोजी एअर इंडियाचे ‘मलबार प्रिन्सेस’ मुंबईहून लंडनला निघाले, ते कैरो आणि जिनिव्हा करीत. पृथ्वीगोलावर मुंबई ते लंडन दोरा ताणला तर अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर भरते. या दोन थांब्यांवरून नेला तर ते सुमारे ७,९०० होते. हा वळसा इंधनाचा होता, कारण त्या काळी भरलेल्या विमानाला एका दमात एवढी मजल झेपत नसे. ताशी ५०० किलोमीटर वेग धरला तरी नुसत्या उड्डाणाचे सोळा तास होतात. थांब्यांचा वेळ वेगळाच.

आजचे जेट विमान ताशी सुमारे ९०० किलोमीटर वेगाने न थांबता जाते. भागाकार आठ तास सांगतो, तरी प्रवासाला नऊ-दहा तास लागतात. जाताना पश्चिमेचे वारे समोरून येतात, येताना तेच पाठीशी असतात. म्हणून परतीचा प्रवास लवकर होतो.

वर्गात गोल आणि दोरा घेऊन हे जरूर करून पाहावे. उत्तर घड्याळाशी जुळले नाही, तर मुलांना एवढेच विचारावे: आपल्या गणितात कोणता वळसा धरायचा राहिला?