वॉर्फडेलचे ब्रिग्ज : एका संस्थापकाची निवृत्ती

संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी ग्रंथात संस्थापकांचे कृतज्ञतापूर्वक स्मरण व्हावे, हे यथोचितच आहे. तथापि संस्थापक ज्या दिवशी संस्थेतून बाजूला होतो, तो दिवस अशा ग्रंथांतून बहुधा एका वाक्यात आटोपला जातो. ‘वयोमानपरत्वे त्यांनी कार्यभार पुढील पिढीकडे सोपविला,’ असे लिहून इतिहासकार मोकळा होतो. वस्तुतः सोपविणाऱ्याने किती वर्षे विचार केला, पुढची पिढी कोणती, तिला ते ओझे हवे होते काय, हे प्रश्न त्या वाक्याच्या आड राहून जातात. प्रस्तुत लेखात अशाच एका निवृत्तीचा वृत्तांत सांगावयाचा आहे. ती घडली इंग्लंडच्या उत्तरेकडील यॉर्कशर परगण्यात, आणि संस्था होती ध्वनिक्षेपक, म्हणजे लाउडस्पीकर, तयार करणारा एक कारखाना. विषय थोडा दूरचा खरा. परंतु मुलखापासून शेकडो मैलांवर राहून ज्यांनी बालगंधर्वांची किंवा हिराबाईंची तबकडी ऐकत संध्याकाळी काढल्या, त्या कुटुंबांना ध्वनियंत्रांचा इतिहास अगदीच परका वाटू नये. शिवाय त्या काळी जगभरच्या तबकड्या ज्या लाखेच्या मिश्रणातून दाबल्या जात, ती लाख मुख्यतः आपल्याच देशातील रानांतून जात असे, हेही सहज आठवते.

गिल्बर्ट ब्रिग्ज यांचा जन्म १८९० साली ब्रॅडफर्डजवळ झाला. ब्रॅडफर्ड हे लोकरीच्या कापडाचे शहर. गिरण्यांची धुराडी, लोकरीचे सौदे आणि त्यावर पोसलेला व्यापारीवर्ग यांनी ते गजबजलेले होते. संगीताचे वेडही या गावाला पूर्वापार होते. संगीतकार डिलियस हा ब्रॅडफर्डच्याच एका लोकर-व्यापाऱ्याचा मुलगा. ब्रिग्ज यांच्याही आयुष्याचा पूर्वार्ध कापडाच्या व्यापारात गेला. विज्ञानाची पदवी त्यांच्यापाशी नव्हती. होते ते पियानोचे प्रेम आणि चांगला कान. १९३० नंतरच्या जागतिक मंदीत कापडाचा धंदा खालावला, आणि चाळिशी ओलांडलेल्या या गृहस्थाने ज्या वयात माणसे निवृत्तिवेतनाचे हिशेब मांडू लागतात त्या वयात नवा व्यवसाय आरंभला.

१९३२ साली इल्कली येथील आपल्या घराच्या तळघरात त्यांनी पहिला ध्वनिक्षेपक तयार केला. इल्कली हे वॉर्फ नदीच्या खोऱ्यातले गाव. तिकडच्या बोलीत खोऱ्याला ‘डेल’ म्हणतात. म्हणून कारखान्याचे नाव पडले ‘वॉर्फडेल वायरलेस वर्क्स’. ब्रॅडफर्डच्या रेडिओप्रेमी मंडळाने भरविलेल्या स्पर्धेत ब्रिग्ज यांच्या ध्वनिक्षेपकांनी पहिले आणि दुसरे अशी दोन्ही बक्षिसे पटकावली, आणि मागणी येऊ लागली. तळघर अपुरे पडल्यावर ब्रॅडफर्ड परिसरात जागा घेण्यात आली. पुढे कारखाना ज्या उपनगरात स्थिरावला त्याचे नाव ‘आयडल’, म्हणजे इंग्रजीत चक्क ‘आळशी’! या नावावरून तेथील लोक आजही विनोद करतात. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास या ‘आळशी’ गावचा धंदा वर्षाला सुमारे ९००० ध्वनिक्षेपकांपर्यंत पोहोचला होता.

ध्वनिक्षेपकाची रचना थोडक्यात सांगणे येथे अवश्य आहे, कारण त्यावाचून या माणसाचे कसब ध्यानात येणार नाही. लोहचुंबकाच्या खाचेत तांब्याच्या किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या बारीक तारेचे वेटोळे असते. त्यातून संगीताच्या लहरींनुसार विद्युत्प्रवाह वाहू लागला की ते मागेपुढे हलते आणि आपल्याला जोडलेला कागदाचा शंकू हलविते. शंकू हवा हलवितो. राइस आणि केलॉग या दोघा अमेरिकनांनी १९२५ साली या रचनेचे शास्त्र मांडले आणि आजचे बहुतेक ध्वनिक्षेपक त्याच तत्त्वावर चालतात. पण यात दोन अडचणी आहेत. एक, शंकूची कडा चौकटीला कशाने तरी बांधावी लागते. ते बंधन ताठ असेल तर शंकू मोकळेपणाने हलत नाही आणि कडेशी नको ते नाद उमटतात. दुसरी, शंकू जसा पुढे आवाज टाकतो तसाच मागेही टाकतो. मागचा आवाज पुढच्यात मिसळला तर खर्जाचे स्वर एकमेकांना गिळून टाकतात. म्हणून ध्वनिक्षेपक पेटीत किंवा मोठ्या फळीत बसवितात. परंतु मग ती फळीच थरथरू लागते आणि स्वतःचा वेगळाच सूर लावते.

पहिल्या अडचणीवर ब्रिग्ज यांचा उपाय होता कापड. त्यांनी शंकूच्या कडेला मऊ कापडाची झालर लावली. वॉर्फडेलच्या अनेक ध्वनिक्षेपकांच्या नावापुढे जी ‘सीएस’ ही अक्षरे असत, ती या कापडी किनारीचीच खूण. आयुष्यभर कापडाचे पोत बोटांनी पारखलेल्या माणसाला हे सुचावे, यात मला नवल वाटत नाही. दुसऱ्या अडचणीवरचा उपाय तर याहून साधा. प्लायवुडच्या दोन फळ्यांमध्ये पोकळी ठेवून तीत कोरडी वाळू भरावयाची! फळी थरथरू लागली की वाळूचे कण एकमेकांवर घासतात, कंपनाची शक्ती त्या घर्षणात जिरून जाते आणि फळी मुकी राहते. असे ध्वनिक्षेपक हलवायला दोन धट्टेकट्टे गडी लागत, ही गोष्ट वेगळी.

१९४८ साली त्यांनी ‘लाउडस्पीकर्स’ हे छोटेखानी पुस्तक लिहिले आणि आपल्याच कारखान्यातर्फे प्रसिद्ध केले. गणिताचा बोजा न टाकता, मधूनमधून स्वतःचीच थट्टा करीत, सामान्य संगीतप्रेमी माणसाला हे शास्त्र समजावून देणारे ते पुस्तक अतिशय लोकप्रिय झाले आणि त्याच्या आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघाल्या. त्यामागोमाग ध्वनिपुनरुत्पादनावर, पियानोवर आणि पियानोवादकांवर, अशी पुस्तके येत गेली. कारखानदाराने आपल्या धंद्यातील मर्म चव्हाट्यावर मांडावे, ही गोष्ट तेव्हाही विरळाच होती. ग्राहकाने आपल्या हातांनी पेटी बांधावी, तिचे माप कारखान्याने सांगावे, असा तो काळ होता. आणि वाचक हाच पुढे गिऱ्हाईक होतो हे चतुर यॉर्कशरी व्यापाऱ्याला कळत नव्हते असे नाही. पण केवळ धंद्यासाठी एवढी पुस्तके कोणी लिहीत नाही.

त्यांच्या कीर्तीचा कळस म्हणजे लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमधील प्रयोग. हे सभागृह १९५१ साली बांधलेले, सुमारे ३००० आसनांचे. १ नोव्हेंबर १९५४ रोजी ब्रिग्ज यांनी तेथे एक धाडसी कार्यक्रम केला. व्यासपीठावर कलावंतांनी प्रत्यक्ष वाजवावे, आणि लगोलग त्याच वाद्याचे ध्वनिमुद्रण ध्वनिक्षेपकांतून ऐकवावे. फरक किती तो श्रोत्यांनीच ठरवावा. ही कल्पना सर्वस्वी नवी नव्हती. एडिसनच्या कंपनीने १९१५ पासून अमेरिकेत गायिकेला यंत्राशेजारी उभे करून असेच प्रयोग केले होते. परंतु तेथे जाहिरातबाजीचा भाग मोठा होता. ब्रिग्ज यांच्या कार्यक्रमाला व्याख्यानाचे स्वरूप होते, आणि यंत्र कोठे कमी पडते तेही तेथे झाकण्यासारखे नव्हते. त्यांच्या साथीला ध्वनिवर्धक घेऊन उभे होते ‘क्वाड’चे पीटर वॉकर. त्यांच्या त्या ध्वनिवर्धकाची शक्ती प्रत्येकी अवघी १५ वॅट होती. आज लग्नाच्या मांडवात हजारो वॅट ओतणाऱ्यांनी हा आकडा जरूर ध्यानात घ्यावा! सभागृह तुडुंब भरले. पुढे १९५५ च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्येही असा प्रयोग झाला.

येथवरचा इतिहास चढत्या कमानीचा आहे. आता मूळ प्रश्नाकडे वळू.

१९५८ साली ब्रिग्ज यांनी वॉर्फडेल विकली. घेणारी होती रँक ऑर्गनायझेशन. त्यांच्या इंग्रजी चित्रपटांच्या आरंभी एक उघडा बलदंड पुरुष भल्या मोठ्या तासावर टोला हाणताना दिसे, तीच ही कंपनी. मूळ पुरुष जे. आर्थर रँक हेही यॉर्कशरचेच, पिठाच्या गिरणीवाल्याचे चिरंजीव. दूरचित्रवाणीने चित्रपटगृहे ओस पाडण्यास तेव्हा प्रारंभ केला होता. ब्रिटनमध्ये १९४६ साली १६० कोटींहून अधिक चित्रपट-तिकिटे खपली. १९६० पर्यंत तो आकडा ५० कोटींच्या आसपास घसरला. साहजिकच रँक मंडळी इतर धंद्यांत पाय रोवू पाहत होती. छायाप्रतींच्या यंत्रांसाठी १९५६ साली त्यांनी झेरॉक्सशी हातमिळवणी केली होती. १९६९ साली ‘लीक’ ही दुसरी नामांकित ध्वनियंत्र-कंपनीही त्यांनी घेतली.

ब्रिग्ज यांनी विक्रीस नेमका तोच काळ का निवडावा? त्याच वर्षी स्टिरिओच्या तबकड्या बाजारात आल्या. आजवर ज्या घरात एक ध्वनिक्षेपक पुरे होत असे तेथे आता दोन लागणार होते. म्हणजे धंदा दुप्पट होण्याची चिन्हे होती. वरवर पाहता हा विकण्याचा मुहूर्त नव्हे. पण दोन पेट्या दिवाणखान्यात मावावयाच्या तर त्या लहान हव्यात, स्वस्त हव्यात, हजारोंनी निघावयास हव्यात; त्यासाठी भांडवल हवे, नवी यंत्रसामग्री हवी. सदुसष्ट वर्षांच्या माणसाने वाळूने भरलेल्या भारदस्त पेट्यांचा काळ सरत आल्याचे ओळखले असावे, असे माझे अनुमान आहे. या दृष्टीने पाहिले तर त्यांचा निर्णय भित्रेपणाचा नव्हता, दूरदृष्टीचा होता.

परंतु त्याची किंमत मोजावी लागली, आणि ती लवकरच मोजावी लागली. ब्रिग्ज यांच्या हाताखाली रेमंड कुक नावाचा बुद्धिमान तंत्रज्ञ होता. बीबीसीचा अनुभव घेऊन आलेला हा माणूस वॉर्फडेलचा तांत्रिक संचालक झाला होता, ब्रिग्ज यांच्या पुस्तकांना तांत्रिक साहाय्य करीत होता. स्वाभाविक वारसदार कोण असे कोणी विचारले असते तर बोट त्याच्याकडेच गेले असते. कुक यांना कागदी शंकूच्या जागी प्लॅस्टिकसारखी नवी द्रव्ये वापरून पाहावयाची होती. नव्या मालकांचे लक्ष स्वस्त आणि मोठ्या प्रमाणावरील उत्पादनाकडे होते. हा मेळ बसला नाही. १९६१ साली कुक बाहेर पडले आणि त्यांनी केंट परगण्यातील मेडस्टनजवळ ‘केफ’ ही कंपनी काढली. आधी त्या जागी एक ओतशाळा होती. तिच्याच नावाच्या आद्याक्षरांवरून हे नाव बनले. बीबीसीच्या ‘एलएस ३/५ए’ या प्रख्यात लहान ध्वनिक्षेपकाचे अंतरंग पुढे केफनेच पुरविले. ज्याने ज्येष्ठाचा वारसा पुढे नेला त्याने तो दुसऱ्या दारावर पाटी लावून नेला.

ब्रिग्ज मात्र राहिले. मालकी गेल्यावरही ते कारखान्याच्या प्रमुखपदी होते. आपण उभारलेल्या घरात भाडेकरू म्हणून राहण्यासारखी ही स्थिती. ती त्यांनी सुमारे सात वर्षे निभावली. १९६५ साली, पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर, ते निवृत्त झाले. तळघरातल्या पहिल्या ध्वनिक्षेपकाला तेव्हा ३३ वर्षे झाली होती. त्यांचे वाद्यांवरील पुस्तक याच वर्षाचे.

शेजारच्या दोन उदाहरणांशी ताडून पाहिले तर या निवृत्तीचे स्वरूप अधिक स्पष्ट होईल. पीटर वॉकर यांनी क्वाड कोणाला विकली नाही. मुलाला, रॉस वॉकरला, हाताशी धरून ती घरातच ठेवली. कुक यांनी स्वतःची केफ तीन दशके वाढविली. पैकी क्वाड १९९० नंतरच्या दशकात कुटुंबाबाहेर गेली आणि शेवटी वॉर्फडेल ज्या चिनी उद्योगसमूहाकडे गेली त्याच समूहाकडे, जणू फेस्टिव्हल हॉलच्या व्यासपीठावरील दोघे जोडीदार पुन्हा एका छपराखाली आले. केफ १९९२ साली हाँगकाँगच्या कंपनीने घेतली. एकाने विकली, एकाने मुलाला दिली, एक स्वतः झुंजत राहिला. पत्ते अखेरीस एकाच दिशेचे झाले. तेव्हा १९५८ साली ब्रिग्ज यांनी विकली नसती तर वॉर्फडेल यॉर्कशरची राहिली असती, असे ठामपणे म्हणवत नाही. तिचे नाव तरी टिकले. १९८० नंतर ‘डायमंड’ या तिच्या चिमुकल्या, स्वस्त ध्वनिक्षेपकाने विद्यार्थ्यांच्या खोल्यांपर्यंत मजल मारली. वाळूच्या पेट्यांच्या जनकाला तो पसंत पडला असता की नाही, कोण जाणे.

निवृत्तीनंतर माणसे आठवणी लिहितात. ब्रिग्ज यांनी सहकाऱ्यांच्या आणि समव्यावसायिकांच्या चरित्रांचे पुस्तक १९६१ सालीच लिहून ठेवले होते. १९६७ साली त्यांनी लिहिले ते मनुष्याच्या श्रवणशक्तीवर. वय वाढते तसा कान वरच्या पट्टीपासून मंदावत जातो. आधी झांजांची चकाकी जाते, मग व्हायोलिनच्या टिपेवरची झाक, मग बोलण्यातील ‘स’, ‘फ’सारखी व्यंजने. ज्याने आयुष्यभर त्या वरच्या स्वरांसाठी तारा, कागद आणि कापड जुळवीत घालविले, त्याने शहात्तराव्या वर्षी हा विषय हाती घ्यावा आणि सामान्य वाचकाला तो समजावून द्यावा, हे मला त्यांच्या सगळ्या प्रयोगांहून धैर्याचे वाटते. १९७८ साली, वयाच्या ८७ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.