रेझ्युमेच्या तळाशी बसलेलं मॅट्रिक



आजचा विषय मला एका इंटरव्ह्यूमध्ये सापडला. म्हणजे मी इंटरव्ह्यू घेत होतो, देत नव्हतो. समोरची मुलगी तीन वर्षांचा अनुभव असलेली, कोड छान लिहिणारी. रेझ्युमेच्या तळाशी तिनं लिहिलं होतं: एसएससी, साल, टक्के. मी म्हटलं, अगं, हे कशाला अजून ठेवलंयस? तर म्हणाली, "सर, तुमच्याच फॉर्ममध्ये तो रकाना कंपल्सरी आहे."

मी गप्प. आणि मला माझा एक मित्र आठवला. कॉलेजमध्ये आमच्या सगळ्यांचे प्रोजेक्ट तो दुरुस्त करून द्यायचा. पण प्लेसमेंटला आलेल्या एका मोठ्या कंपनीची अट होती, "साठ टक्के थ्रूआऊट". दहावी, बारावी आणि इंजिनिअरिंग, तिन्हीकडे साठ. त्याला दहावीला सत्तावन्न होते. त्या वर्षी घरी वडील आजारी होते आणि दुकान तोच सांभाळायचा. आम्ही आत टेस्ट देत होतो आणि तो बाहेर कॉरिडॉरमध्ये बसला होता. पंधराव्या वर्षाचे तीन टक्के एकविसाव्या वर्षी आडवे आले.

तर प्रश्न असा, की एका परीक्षेच्या आकड्याला एवढी ताकद दिली कुणी?

आधी पंतोजींची शाळा बघू. धूळपाटीवर अक्षरं गिरवायची, पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी घोकायची, मोडी वाचायला-लिहायला शिकायचं. इयत्ता नाही, निकाल नाही. हिशोब आणि पत्रव्यवहार जमायला लागला की पोरगं कामाला लागायचं. ऐकायला गोड वाटतं ना? पण थांबा. त्या ओसरीवर बसायला मिळायचं कुणाला? बहुतेक ब्राह्मणांच्या आणि व्यापाऱ्यांच्या मुलांना. मुली जवळपास नाहीतच, आणि अस्पृश्य मानलेल्या जातींना तर दारही बंद. त्यामुळे "पूर्वी किती छान होतं" हे गाणं मी गाणार नाही.

१८४४ मध्ये गव्हर्नर जनरल हार्डिंग यांनी जाहीर केलं, की सरकारी नोकरीत इंग्रजी शिकलेल्यांना प्राधान्य मिळेल. पुढे १८५४ चा वुडचा खलिता आला आणि १८५७ मध्ये कलकत्ता, मुंबई, मद्रास ही तीन विद्यापीठं निघाली. नमुना होता लंडन विद्यापीठाचा, आणि ते तेव्हा मुख्यतः परीक्षा घेणारं विद्यापीठ होतं. म्हणजे शिकवायचं कॉलेजांनी, विद्यापीठानं फक्त पेपर काढायचे, तपासायचे आणि शिक्का मारायचा. आमच्या भाषेत सांगायचं तर त्यांनी फिल्टर आधी बांधला.

मुंबईची पहिली मॅट्रिक १८५९ मध्ये झाली. सव्वाशेच्या वर मुलं बसली, आणि पास किती? वीस-बावीस! त्यात महादेव गोविंद रानडे होते, रामकृष्ण भांडारकर होते. १८६२ मध्ये हे दोघं, वामन आबाजी मोडक आणि बाळ मंगेश वागळे असे मुंबईचे पहिले चार बी.ए. झाले. तिकडे कलकत्त्यात तर १८५८ च्या पहिल्या बी.ए.ला सगळे विषय कुणाचेच सुटले नाहीत. शेवटी दोघांना एका विषयात वाढीव मार्क देऊन पास केलं. त्यातले एक बंकिमचंद्र चट्टोपाध्याय. आता कुणी ग्रेस मार्कांवरून चिडवलं, तर हे नाव सांगायचं.

त्याच काळात इंग्लंडमध्येही एक प्रयोग चालला होता. १८६२ मध्ये रॉबर्ट लो यांनी प्राथमिक शाळांसाठी नवे नियम आणले. शाळेचं अनुदान मुलांच्या निकालावर. इन्स्पेक्टर येणार, एकेका मुलाची वाचन, लेखन आणि गणिताची परीक्षा घेणार, आणि मूल ज्या विषयात नापास होईल त्या प्रत्येकाचे दोन शिलिंग आठ पेन्स कापणार. मुलांच्या सहा पायऱ्या केल्या, त्यांना नाव दिलं 'स्टँडर्ड'. आपण "फिफ्थ स्टँडर्ड" म्हणतो ना, तो शब्द शाळेत शिरला तो तिथून. परिणाम काय झाला असेल, तुम्हीच सांगा. मास्तर तेवढंच शिकवायला लागले. कवी मॅथ्यू अर्नोल्ड स्वतः शाळा इन्स्पेक्टर होते, त्यांनीच या पद्धतीवर सडकून टीका केली. पण निकाल बघून पैसे द्यायची ही कल्पना मुंबई इलाख्यातही आलीच.

आता १८८२. सरकारनं डब्ल्यू. डब्ल्यू. हंटर यांच्या अध्यक्षतेखाली शिक्षण आयोग नेमला होता. पुण्यातल्या एका माणसानं ऑक्टोबरमध्ये त्यांना निवेदन दिलं, आणि त्यात स्वतःची ओळख व्यापारी आणि शेतकरी अशी दिली. जोतीराव फुले. सावित्रीबाईंबरोबर १८४८ मध्ये मुलींची शाळा काढली, त्याला चौतीस वर्षं झाली होती.

हे निवेदन आपल्याला शाळेत एका वाक्यात सांगतात: बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा. ते त्यात आहेच. पण माझं लक्ष हायस्कुलांबद्दलच्या भागावर अडकलं. फुले म्हणतात, की इथलं शिक्षण रोजच्या जगण्याच्या उपयोगाचं नाही, यातून कारकून आणि मास्तर तेवढे बाहेर पडतात. शिक्षक आणि विद्यार्थी दोघांचंही लक्ष मॅट्रिकनं नको तितकं खाऊन टाकलंय, आणि पुढे स्वतःच्या पायावर उभं राहायला लागेल असं त्या अभ्यासक्रमात काही नाही. पहिल्या मॅट्रिकला जेमतेम तेवीस वर्षं झाली होती, आणि रोग ओळखून झाला होता!

मग शिकवायचं काय? प्राथमिक शाळेसाठी त्यांची यादी सरळ आहे. मोडी आणि बाळबोध लिहिणं-वाचणं, हिशोब, थोडा इतिहास, भूगोल, व्याकरण, शेतीची प्राथमिक माहिती, आरोग्य आणि नीती. म्हणजे पंतोजींच्या शाळेतलं कामाचं ते ठेवा, पण दार सगळ्यांना उघडा.

आणि अजून एक मुद्दा, जो मला सगळ्यात जास्त लागला. शिष्यवृत्त्या स्पर्धेनं देणं वरवर न्यायाचं वाटतं, पण त्यानं इतर जातींमध्ये शिक्षण पसरत नाही, असं ते सांगतात. साहजिकच आहे. ज्याच्या घरात तीन पिढ्या पुस्तकं आहेत आणि जो गुरं सांभाळून आलाय, ते एकाच पेपरला बसतात. पेपर सारखा असतो, आदली रात्र सारखी नसते. दुकान बंद करून दहावीच्या पेपरला जाणारा माझा मित्र तिथे मला दिसला.

मॅट्रिक मात्र हललं नाही, उलट घराघरांत घुसलं. नापास होणं हीसुद्धा एक पदवी झाली, "नॉन-मॅट्रिक"! माझे पणजोबा व्ह. फा., म्हणजे सातवीची व्हर्नाक्युलर फायनल पास. तेवढ्यावर प्राथमिक शाळेत मास्तर झाले, आणि घराच्या पाटीवर नावापुढे 'व्ह. फा.' होतं. स्वातंत्र्यानंतर मॅट्रिकची एसएससी झाली. १९७५ मध्ये ती अकरावीवरून दहावीवर आली. नाव बदललं, इयत्ता बदलली, दरारा तोच.

तो दरारा कशाचा आहे हे २०२१ मध्ये उघडं पडलं. कोविडमुळे दहावीची परीक्षाच रद्द झाली. अंतर्गत मूल्यमापनावर निकाल लागला, ९९.९५ टक्के पास. आता परीक्षाच नाही म्हटल्यावर सुटलो, असं झालं का? छे. लगेच अकरावी प्रवेशासाठी वेगळी सीईटी जाहीर झाली. प्रकरण हायकोर्टात गेलं आणि ऑगस्टमध्ये कोर्टानं ती रद्द केली. त्या सगळ्या गोंधळात मुलांना काय येतं, हा प्रश्न मी कुणाच्या तोंडून ऐकला नाही. जागा थोड्या, मुलं जास्त, रांग लावायला आकडा पाहिजे. १८५९ मध्येही तेच होतं, फक्त तेव्हा रांग सरकारी कचेरीची होती.

आकडा वाईट असं मी म्हणत नाही. वशिल्यापेक्षा मार्क शंभरपट बरे, आणि मोठा काका साहेब नसलेल्या कित्येक मुलांना याच मार्कांनी वर काढलंय. मीही त्यातलाच. पण मार्क त्या दिवशीच्या पेपरचे असतात, आणि आम्ही कंपनीवाले ते सात-आठ वर्षांनी माणसाच्या कपाळावर वाचत बसतो.

मित्राचं पुढे काय झालं, ते सांगायचं राहिलं. दोन वर्षांनी ओळखीतून एका छोट्या कंपनीत लागला. आता बरं चाललंय. ती दोन वर्षं मात्र दुकानात गेली.

त्या मुलीला आम्ही घेतलं. आणि फॉर्ममधला तो रकाना काढून टाका, अशी मेल मी एचआरला टाकलीय. तीन आठवडे झाले, उत्तर नाही. आलं की सांगतो. पुढच्या भागात भेटू.