स्पोर्ट्स कारची संग्राह्य प्रतिकृती : दर्जापरीक्षण

मूळ गाडीची मापे ठरावीक प्रमाणात लहान करून बनवलेली, खेळण्यासाठी नव्हे तर संग्रहासाठी घेतली जाणारी गाडी. संग्राहक तिला ‘मॉडेल’ म्हणतात, ओतीव धातूची असली तर ‘डायकास्ट’. प्रचलित प्रमाणे १:१८, १:४३ आणि १:६४. यांतले १:४३ विचित्र वाटते, पण त्याचे मूळ ब्रिटिश ओ-गेज खेळण्यांतल्या आगगाड्यांत आहे. त्या एका फुटाला ७ मिमी या हिशोबाने बनत, ३०४.८ मिमीला ७ ने भागले की साडेत्रेचाळीस येतात. लिव्हरपूलच्या मेकॅनो कंपनीने अशा रेल्वेसंचांच्या जोडीला १९३०च्या दशकात काढलेल्या छोट्या गाड्या पुढे ‘डिंकी टॉइज’ म्हणून जगभर गेल्या.

दारे किती उघडतात, वजन किती भरते, एकूण नग किती काढले आणि खोका शाबूत आहे का, या चार गोष्टींवर बाजार मॉडेलचा दर्जा ठरवतो. प्रस्तुत नोंदीत या चारही दुय्यम मानल्या आहेत. मॉडेलची मापे मूळ गाडीशी जुळतात का आणि ज्या पदार्थाचे ते बनले तो टिकणारा आहे का, हे दोनच प्रश्न निर्णायक होत. बाकीच्या बाबी किंमत ठरवतात. किंमत आणि दर्जा यांची गल्लत जुनी आहे.

मापांची तपासणी पुढच्या आणि मागच्या चाकांमधल्या अंतरापासून, म्हणजे व्हीलबेसपासून सुरू करावी, कारण साच्यातली चूक तिथे लपत नाही. पोर्शे ९११ हे चांगले उदाहरण. सुरुवातीच्या ९११चा व्हीलबेस २,२११ मिमी होता. १९६९च्या मॉडेल-वर्षापासून मागची चाके मागे सरकवून तो २,२६८ मिमी करण्यात आला. गाडीची एकूण लांबी ४,१६३ मिमी तशीच राहिली. १:१८ प्रमाणात ही मापे अनुक्रमे १२२.८ आणि १२६ मिमी येतात. तीन मिमीचा हा फरक साध्या व्हर्निअरने सापडतो. १९६७ची गाडी म्हणून विकल्या जाणाऱ्या मॉडेलचा व्हीलबेस १२६ भरला, तर उत्पादकाने एकच साचा दोन्हींसाठी वापरला असे समजावे, मग रंग आणि बिल्ले कितीही अचूक असोत. मेळघाटातल्या धारणीसारख्या आडवळणाच्या ठिकाणी राहणाऱ्या संग्राहकाला मॉडेल हातात घेऊन पाहण्याची संधी क्वचितच मिळते. खरेदी बहुधा छायाचित्रावर होते. अशा वेळी व्हीलबेस भागिले एकूण लांबी हे गुणोत्तर काढावे. वरच्या दोन गाड्यांसाठी ते ०.५३१ आणि ०.५४५ येते, आणि छायाचित्र लहान-मोठे केले तरी बदलत नाही. छायाचित्र मात्र अगदी बाजूने, लांबून आणि झूम करून काढलेले हवे. मोबाइल जवळ धरून काढलेल्या फोटोत नाक फुगते आणि हिशोब बिघडतो.

यावर एक आक्षेप घेतला जातो: तंतोतंत लहान केलेली गाडी डोळ्याला चुकीची दिसते, म्हणून कुशल कारागीर छत किंचित खाली घेतो, चाके किंचित मोठी करतो, आणि ते योग्यच आहे. १:६४ पुरते हे मान्य करता येईल. १९६८ साली आलेल्या हॉट व्हील्स या खेळण्यातल्या गाड्यांची चाके रुळावरून वेगाने पळण्यासाठी होती. तिथे मापांचा आग्रह धरणे म्हणजे उद्देशच न समजणे. पण १:१८ मध्ये सवलतीचे कारण उरत नाही. तिथला बदल पाहणाऱ्याच्या डोळ्यापेक्षा साच्याच्या सोयीसाठी जास्त वेळा होतो.

उघडणाऱ्या दारांचेही असेच. खऱ्या गाडीत दार आणि अंगामधली फट चार-पाच मिमी असते. १:१८ मध्ये ती पाव मिमीच्या आसपास आणि १:४३ मध्ये केवळ ०.१ मिमी हवी. दार उघडायचे तर बिजागरी लागते, धातूला जाडी लागते, आणि फट रुंदावते. रंगाचा थर आणखी अडचण करतो. खऱ्या गाडीवरचा सुमारे १०० ते १२० मायक्रॉनचा थर १:१८ने भागला तर सहा-सात मायक्रॉन उरतात. इतका पातळ थर झाकणार काय? म्हणून प्रत्येक मॉडेलवर रंग प्रमाणाबाहेर जाडच असतो, आणि कसब दिसते ते रंगाखाली रेघा बुजल्या की नाहीत यात. मेटॅलिक रंगातले कण तर लहान होतच नाहीत. म्हणून चंदेरी मॉडेल लाल मॉडेलपेक्षा जास्त ‘खेळणे’ वाटते. काहीच न उघडणारी रेझिनची मॉडेले आकाराच्या कसोटीवर पुष्कळदा सरस ठरतात ती यामुळे. ‘मग इंजिन दिसणार कसे?’ हा प्रश्न रास्त आहे. सीएमसी या जर्मन कंपनीने शेकडो सुटे भाग जोडून दोन्ही साधले आहे, पण ते अपवाद होत आणि त्यांची किंमतही अपवादात्मक.

पदार्थाचा विचार संग्राहकांच्या माहितीपत्रकांत फारसा येत नाही, वास्तविक तोच पहिला हवा. डायकास्ट मॉडेल म्हणजे मुख्यतः जस्त, त्यात सुमारे चार टक्के ॲल्युमिनियम आणि नाममात्र मॅग्नेशियम. हे मिश्रधातू न्यू जर्सी झिंक कंपनीने १९२९ साली प्रचारात आणले. त्यामागची खरी प्रगती ९९.९९ टक्के शुद्ध जस्त मिळू लागण्याची होती. शिसे जस्तात विरघळत नाही. धातू गोठताना ते कणांच्या सीमांवर साठते. दमट उष्ण हवेत त्या सीमांवरून गंज आत शिरतो, गंजाला मूळ धातूपेक्षा जागा जास्त लागते, आणि ओतीव तुकडा आतून फुगतो. यालाच जस्ताची कीड म्हणतात. शिशाची मर्यादा ०.००५ टक्के, म्हणजे १०० किलो रसात फक्त ५ ग्रॅम. डाखाचे किंवा शिशाचे भंगार भट्टीत पडले की ती ओलांडली जाते. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या असंख्य डिंकी गाड्या अशाच भुगा होऊन गेल्या, आणि अलीकडची मॉडेलेही या दोषातून सुटलेली नाहीत. लक्षणे ठरलेली: पूर्वी सहज उघडणारे दार अडते, तळपट्टीला बाक येतो, रंगाला फोड येतात, मग कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा दिसू लागतात. ही कीड शेजारच्या मॉडेलला लागत नाही, आणि लागलेली बरी होत नाही.

खरेदीच्या वेळी जे दिसत नाही ती दर्जाची कसोटी कशी, असे विचारले जाते. उत्तर असे की ते थेट दिसत नसले तरी पुरावा मिळतो. त्याच साच्याच्या, त्याच काळातल्या इतर नगांचे काय झाले ते पाहावे. दोष असल्यास तो काही वर्षांत किंवा दशकांत बाहेर येतो. तीस वर्षे सरळ राहिलेले जुने मॉडेल कोऱ्या मॉडेलपेक्षा या बाबतीत जास्त विश्वासार्ह. स्वतःच्या संग्रहातल्या मॉडेलची लांबी दरवर्षी व्हर्निअरने मोजून लिहून ठेवली, तर भेग दिसण्याआधीच वाढ कळू शकते. वजनाचा मुद्दाही इथेच निकालात निघतो: जड मॉडेल म्हणजे जास्त जस्त, चांगले जस्त नव्हे.

किंमत आणि दर्जा वेगळे असतात, याचा पुरावा भारतीय निर्मितीतही मिळतो. मेकॅनोने १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात वापरून झालेले काही डिंकी साचे कलकत्त्यात दिले. त्यांतून ‘निकी टॉइज’ निघाली, त्यांत जॅग्वार आणि एमजी स्पोर्ट्स कारही होत्या. साचा तोच, पण रंग जाड आणि कडा बोजड. साच्याची कुळी म्हणजे दर्जा नव्हे, हे याहून स्पष्ट दिसणे कठीण. आज त्या दुर्मिळ म्हणून मूळ डिंकीशी किमतीत स्पर्धा करतात, ही गोष्ट वेगळी. मुंबईच्या ब्लो प्लास्टच्या ‘लिओ’ या नावाखाली मॅटेलची हॉट व्हील्सही भारतात बनली. त्यांचे रंग इतरत्र न निघालेले असल्याने परदेशी संग्राहक त्या शोधतात.

वऱ्हाडात साठवणुकीचा प्रश्न दुहेरी आहे. अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो, आणि धारणी-चिखलदऱ्याकडे मेळघाटात पावसाळाभर हवा ओलसर असते. उन्हात उभ्या बंद वाहनात पार्सल राहिले तर रेझिनचे पातळ भाग, विशेषतः मागचा पंख, वाकतात. मऊ पीव्हीसीच्या टायरांतले तेलकट द्रव्य उष्णतेत बाहेर येऊन पॉलिस्टायरीनची बैठक विरघळवते. टायर तिला चिकटतात आणि सोडवताना ठसा राहतो. परतवाडा, सेमाडोह, हरिसालमार्गे धारणीला येणाऱ्या घाटरस्त्यात आरसे आणि अँटेना प्रथम तुटतात. ते वेगळे पॅक केले आहेत का ते विचारून घ्यावे. मॉडेल खाली स्क्रूने आवळून ठेवू नये, चाकांवरचा भार कमी करावा, कपाट बाहेरच्या भिंतीला लावू नये, पावसाळ्यात सिलिका जेल ठेवावे आणि ते भिजले की तापवून पुन्हा वापरावे.

भारतात १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे. ते १४ वर्षांखालील मुलांच्या सुरक्षिततेसाठी असून त्यावरून प्रतिकृतीच्या अचूकतेविषयी काहीच कळत नाही. किंमत ठरवणाऱ्या बाबींत शुल्कही येते: खेळण्यांवरील आयात शुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के आणि २०२३ मध्ये ७० टक्के झाले.