रूळ, गिरणी आणि पाणी : नांदेड आणि लातूरची गोष्ट

१२ एप्रिल २०१६ रोजी लातूरच्या रेल्वे स्टेशनात एक मालगाडी येऊन थांबली. तिला दहा टँकर-वाघिणी होत्या आणि त्यांत सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. मिरजेहून निघालेल्या या गाडीचे चित्र देशभरच्या वर्तमानपत्रांत झळकले. पुढे पन्नास वाघिणींची गाडी सुरू झाली आणि पावसाळा स्थिरावेपर्यंत तिच्या शंभराहून अधिक फेऱ्या झाल्या.

त्या दिवसांत एक गोष्ट मात्र फारशी कोणी सांगितली नाही. पाण्याची गाडी ज्या मार्गाने आली, तो मिरज-पंढरपूर-कुर्डुवाडी-बार्शी-लातूर हा मार्ग मुळात पाणी आणण्यासाठी नव्हे, तर कापूस नेण्यासाठी टाकलेला होता. शंभर वर्षे या रुळांवरून लातूरचा माल बाहेर गेला आणि एके दिवशी त्याच वाटेने पाणी आत आले. एखादे गाव शहर कसे होते, हे समजून घ्यायचे असेल तर ही उलटापालट नीट पाहायला हवी. त्यासाठी लातूर आणि त्याचे शेजारी नांदेड, या दोन शहरांची तुलना करून पाहू.

पाच टनांचा आस

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि बार्शी इंग्रजी मुलखात. मुंबईहून सोलापूरकडे जाणारी ब्रॉडगेज बार्शीपासून सुमारे ३५ किलोमीटर अंतरावरून, आज आपण ज्याला कुर्डुवाडी म्हणतो तिथून, जात होती. बालाघाटच्या पठारावरचा कापूस आणि गळिताचे धान्य बैलगाड्यांनी घाट उतरून बार्शीच्या बाजारात येई.

एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंग्रज अभियंत्याने येथे अरुंद रुळांची, म्हणजे नॅरोगेज, रेल्वे टाकण्याचे ठरवले. त्यासाठी १८९५ मध्ये लंडनमध्ये बार्शी लाइट रेल्वे कंपनी स्थापन झाली आणि १८९७ मध्ये गाडी बार्शीपर्यंत धावली. दोन रुळांमधले अंतर होते २ फूट ६ इंच, म्हणजे ७६२ मिलिमीटर. (याच कॅल्थ्रॉपने पुढे वैमानिकांसाठी पॅराशूट तयार केले.)

कॅल्थ्रॉपचा विचार विज्ञानाच्या शिक्षकाला आवडेल असा आहे. रूळ किती जाड हवा हे गाडीच्या एकूण वजनावर ठरत नाही. एका आसावर, म्हणजे चाकांच्या एका जोडीवर, किती भार येतो यावर ठरते. हलका रूळ वापरायचा असेल तर प्रत्येक आसावरचा भार मर्यादित ठेवायचा आणि इंजिनापासून वाघिणीपर्यंत सर्वांना तीच मर्यादा लावायची. त्याने ही मर्यादा पाच टन धरली. मग जड इंजिन हवे असेल तर त्याचे वजन अधिक आसांवर वाटून द्यायचे. त्यामुळे रूळ स्वस्त झाले, वळणे तीव्र घेता आली आणि घाट चढणे सोपे झाले. जिथे मोठी रेल्वे परवडली नसती तिथे ही छोटी रेल्वे पोचली.

जिथे रूळ संपतात

हा मार्ग १९०७ मध्ये संस्थानाच्या हद्दीत तडवळ्यापर्यंत गेला आणि १९११ मध्ये लातूरला पोचला. दुसऱ्या बाजूला तो १९०६ मध्ये पंढरपूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला जाऊन भिडला. एकूण लांबी झाली २०२ मैल, म्हणजे सुमारे सव्वातीनशे किलोमीटर.

लातूरच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की रूळ लातूरला येऊन संपले. रेल्वेच्या वाटेवरचे गाव आणि रेल्वेच्या शेवटाचे गाव यांत मोठा फरक असतो. वाटेवरच्या स्टेशनात आसपासच्या थोड्या गावांचा माल येतो. शेवटच्या स्टेशनात मात्र त्यापलीकडच्या सगळ्या मुलखाचा माल येतो, कारण तिथून पुढे फक्त बैलगाडी. आधी हे स्थान बार्शीचे होते. नंतर ते लातूरकडे आले. औसा, निलंगा, अहमदपूर या भागांतल्या गाड्या लातूरच्या गंजात उतरू लागल्या. अडतीची दुकाने, वखारी, सरकी काढण्याचे जिन आणि गाठी बांधण्याचे प्रेस उभे राहिले.

जिन-प्रेस स्टेशनाजवळच का, हा प्रश्न वर्गात जरूर विचारावा. शेतातून आलेल्या तीन क्विंटल कापसातून ढोबळमानाने एक क्विंटल रुई आणि दोन क्विंटल सरकी मिळते. शिवाय मोकळा कापूस फुगीर असतो. गाडीचे वजन भरण्याआधीच जागा भरते. दाबून गाठ केली की तोच कापूस थोड्या जागेत मावतो. म्हणून लांबच्या प्रवासाला निघण्यापूर्वीच सरकी वेगळी करणे आणि गाठ बांधणे फायद्याचे. सरकी मागे राहते, मग तेलाच्या घाण्या येतात. पेंड उरते, मग जनावरांचा बाजार वाढतो. एका उद्योगाच्या उरलेल्या मालावर दुसरा उद्योग उभा राहतो.

या मार्गाने आणखी एक गोष्ट ठरवली. जुनी नॅरोगेज येडशीहून तडवळ्याकडे वळत असे. त्या वेळचे जिल्ह्याचे ठिकाण उस्मानाबाद (आजचे धाराशिव) बाजूलाच राहिले. जिल्ह्याची कचेरी एका गावात आणि बाजारपेठ दुसऱ्या गावात, अशी स्थिती सत्तर वर्षे राहिली. १९८२ मध्ये लातूर स्वतंत्र जिल्हा झाला, त्याला राजकीय कारणे होतीच. पण त्या मागणीला बळ देणारे शहर रुळांच्या टोकाशी वाढलेले होते.

गोदावरीकाठची मोठी गिरणी

नांदेडची सुरुवात वेगळी. ते जुने तीर्थाचे गाव. गुरू गोविंदसिंगांचे निधन येथे १७०८ मध्ये झाले आणि तेथील गुरुद्वाऱ्यामुळे पंजाबपर्यंत त्याचे नाव पोचलेले होते. रेल्वे आली ती संस्थानाच्या स्वतःच्या मार्गाने. हैदराबादहून गोदावरीच्या खोऱ्यातून मनमाडला जाणारी, सव्वासहाशे किलोमीटरच्या आसपासची ही मीटरगेज १८९९ ते १९०१ या काळात टप्प्याटप्प्याने सुरू झाली. तिचे रूळ एकमेकांपासून एक मीटर अंतरावर होते.

नांदेडच्या भोवतालची काळी जमीन गावरानी कापसासाठी प्रसिद्ध होती. देशी वाणांचा धागा साधारणपणे आखूड आणि जाडा असतो. गावरानी त्यातल्या त्यात लांब आणि तलम. त्यापासून बारीक सूत निघते, म्हणून गिरणीवाल्यांची त्याला मागणी असे.

१९२० च्या दशकात नांदेडला उस्मानशाही मिल उभी राहिली. सातवा निजाम मीर उस्मान अली खान याच्यावरून तिला नाव मिळाले. कापूस आसपास पिकत होता, संस्थानातल्याच सिंगरेणीच्या खाणींचा कोळसा रेल्वेने येऊ शकत होता, आणि शेजारून गोदावरी वाहत होती.

हे शेवटचे कारण आपण सहज विसरतो. सूतगिरणीला पाणी केवळ बॉयलरसाठी लागत नाही. कोरड्या हवेत कापसाचा धागा ठिसूळ होतो, घर्षणाने त्यावर विद्युतभार साचतो, तंतू एकमेकांपासून फाकतात आणि सूत तुटत राहते. म्हणून सूतखात्यात हवा मुद्दाम दमट ठेवावी लागते. मुंबईला समुद्राने ही सोय फुकट दिली. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात ती पाणी फवारून करावी लागते. मोठी कापडगिरणी नांदेडला आणि डाळीच्या गिरण्या लातूरला, या विभागणीचे हे एकमेव कारण नव्हे, पण एक कारण नक्की आहे. तुरीला तेलपाण्याचा हात लावून, वाळवून, साल सोडवून ती भरडायला फारसे पाणी लागत नाही.

एक मोठी, अनेक लहान

संस्थान १९४८ मध्ये भारतात विलीन झाले. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. नांदेडची गिरणी १९७४ च्या कायद्याने, देशातल्या इतर अनेक आजारी गिरण्यांबरोबर, राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली. जुनी यंत्रे, यंत्रमागांची स्पर्धा आणि कृत्रिम धाग्यांचे कापड यांपुढे ती टिकली नाही. पुढे ती बंद पडली. ज्या शहराचा दिवस भोंग्याने सुरू होई, तिथे एकाच वेळी शेकडो घरांचा पगार थांबला. नांदेडच्या कापूस संशोधन केंद्राने १९८० च्या दशकात दिलेला ‘नांदेड-४४’ हा संकरित वाण मराठवाड्याच्या शेतांत भरभरून पिकत होता. पण त्याच गावची गिरणी मात्र खंगत गेली. कच्चा माल दारात असणे, एवढ्यावर उद्योग चालत नाही, हा धडा त्यातून घेता येतो.

लातूरचे चित्र याच्या उलट. तिथे एक मोठी गिरणी नव्हती. अनेक लहान डाळमिली होत्या. त्यांतली एखादी बंद पडली तरी शहर हादरत नसे. कापूस मागे पडून तूर, हरभरा आणि नंतर सोयाबीन आले, तसा बाजारही बदलला. परिस्थितिविज्ञानात अनेक प्रजातींचे रान रोगाला जास्त तोंड देते, असे आपण शिकवतो. शहरांनाही हे काही प्रमाणात लागू पडते.

तीन मापांचे रूळ

नांदेड आणि लातूर नकाशावर शेजारी आहेत, पण रेल्वेने त्यांना कधी शेजारी मानले नाही. नांदेडहून परभणीमार्गे परळीपर्यंत मीटरगेज, परळीहून विकाराबादकडे ब्रॉडगेज आणि लातूर शहरात नॅरोगेज! माप बदलले की माल एका वाघिणीतून उतरवून दुसरीत चढवायचा. हमाली वाढते, वेळ जातो, पोती फाटतात. बाजार मोठा असूनही लातूरला मोठा कारखानदार यायला कचरत असे, त्यामागे हेही कारण होते.

बार्शी लाइट रेल्वे १ जानेवारी १९५४ रोजी सरकारने ताब्यात घेतली, पण रूळ अरुंदच राहिले. लहानपणी या गाडीतून आजोळी जाताना रामलिंगच्या घाटात तिचा वेग इतका मंदावे की मोठी मुले खाली उतरून चालत आणि पुन्हा डब्यात चढत. आम्हाला ती गंमत वाटे. डब्यातले अडत व्यापारी मात्र घड्याळ पाहत कुरकुरत.

नांदेडचा मीटरगेज मार्ग १९९० च्या दशकात रुंद झाला आणि तिथून अमृतसरला थेट गाडी जाऊ लागली. लातूरला मात्र वाट पाहावी लागली. लातूर-उस्मानाबाद २००७ मध्ये, उस्मानाबाद-कुर्डुवाडी २००८ मध्ये आणि पंढरपूर-मिरज २०१० च्या सुमारास ब्रॉडगेज झाले. या वेळी मार्ग वळवून उस्मानाबाद शहरही जोडले गेले. जुनी हद्द मात्र कागदावर टिकून आहे : नांदेड २००३ मध्ये स्वतंत्र रेल्वे विभाग झाले, पण सिकंदराबादच्या दक्षिण मध्य रेल्वेखाली; लातूर मुंबईच्या मध्य रेल्वेखाली, सोलापूर विभागात.

पाण्याचे गणित

आता पुन्हा पाण्याच्या गाडीकडे येऊ. एका ब्रॉडगेज वाघिणीत सुमारे ५० हजार लिटर, म्हणजे ५० टन पाणी मावते. पन्नास वाघिणींची गाडी म्हणजे २५०० टन. कॅल्थ्रॉपच्या नियमाने चार आसांच्या वाघिणीचे एकूण वजन २० टन. वाघिणीचे स्वतःचे वजन वजा करून १५ टन पाणी धरू. तेवढेच पाणी आणायला दीडशेहून अधिक वाघिणी लागल्या असत्या. म्हणजे रूळ आधी रुंद झाले नसते, तर २०१६ मध्ये ही गाडी येऊच शकली नसती.

पण गणिताचा दुसरा भागही मुलांकडून करून घ्यावा. २०११ च्या जनगणनेत लातूर शहराची लोकसंख्या सुमारे ३ लाख ८३ हजार होती. पहिल्या गाडीचे पाणी माणशी सव्वा लिटरच्या आसपास येते. पन्नास वाघिणींचे साडेसहा लिटर. तहान भागेल, शहर चालणार नाही.

नांदेडला गोदावरी आहे आणि विष्णुपुरीचा जलाशयही. लातूर पठारावर आहे. त्याची भिस्त धनेगावच्या मांजरा धरणावर. २०१६ मध्ये ते कोरडे पडले. खाली बेसाल्टचा खडक. त्याच्या भेगांत जेवढे मुरेल तेवढेच पाणी. वर मांजरा खोऱ्यात गेल्या काही दशकांत ऊस आणि साखर कारखाने वाढले. बाजार, गिरण्या, शिकवण्या आणि वसतिगृहे यांनी माणसे ओढून आणली. रुळांनी लातूरला बाजार दिला. त्या बाजाराला पाणी कुठून मिळणार, हा हिशेब रुळांनी केला नव्हता आणि आपणही केला नाही.

लातूरला आता रेल्वेचे डबे बनवणारा कारखाना आला आहे. २०१८ मध्ये त्याची पायाभरणी झाली आणि डिसेंबर २०२० मध्ये पहिल्या डब्याचा सांगाडा बाहेर पडला. ज्या शहरात रूळ येऊन संपत, तिथे डबे तयार व्हावेत याचा आनंद आहेच. पण नव्या कारखान्याबरोबर माणसे येतील आणि माणसांबरोबर तहानही येईल.

शिक्षकांसाठी एक सूचना. आपल्या गावात किंवा तालुक्यात रेल्वे असेल तर मुलांना मालधक्क्यावर न्यावे. काय आत येते आणि काय बाहेर जाते, याची दोन रकान्यांची यादी करायला सांगावी. आजी-आजोबांना विचारून पन्नास वर्षांपूर्वीची तशीच यादी करावी. दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या की गावाचा इतिहास आपोआप उलगडू लागेल. आणि पाण्यासाठी तिसरा रकाना ठेवायला विसरू नये.