तळटीप : कासुगायामाचे रान

१. लेखकाने ‘देवळामागचे रान’ एवढ्यावर भागवले आहे. ते नारा शहराच्या पूर्वेचे कासुगायामा. नारा ७१० ते ७८४ या काळात जपानची राजधानी होती. पुढे कासुगा ताइशा या शिंतो देवस्थानाचे पवित्र रान म्हणून इथे ८४१ साली शिकार आणि लाकूडतोड बंद झाली. देवराई ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला याचे नवल वाटू नये. १९९८ पासून हे रान जागतिक वारशात मोडते. आत शिरायला मज्जाव आहे, कडेच्या वाटेने मात्र चालता येते.

खालच्या बागेतली हरणे देवाचे दूत मानली जातात, पण वागायला चांगलीच बेरकी. कोंड्याचे बिस्कीट हातात दिसले की मान लववतात, देणाऱ्याने वेळ लावला तर सदरा ओढतात. तिथल्या झाडांची पालवी खालून एका रेषेत छाटल्यासारखी दिसते, ती त्यांच्या तोंडाच्या उंचीमुळे. आसेबीची झुडपे तेवढी शाबूत राहतात, कारण ती विषारी. वाकाकुसा ही गवताळ टेकडीही जवळच. दर जानेवारीत तिच्यावरचे वाळके गवत पेटवून देतात. नारातल्या तोदाइजी मंदिरातला महाबुद्ध पाहून लगेच परतणाऱ्यांचे हे सारे हुकते. — संपा.