सूत्रापासून लेझर किरणापर्यंत : सिन्नरच्या गोंदेश्वर मंदिराची प्रतिकृती आणि आरेखनाचा इतिहास

प्रस्तावना

नाशिक परिसराच्या वास्तुइतिहासात प्रतिकृती ही कल्पना नवी नाही. त्रिरश्मी डोंगरावरील 18 व्या क्रमांकाच्या चैत्यगृहाच्या दर्शनी भागावर लाकडी बांधणीतील कमानी व तुळयांची रूपे कातळात कोरलेली आहेत. एका माध्यमातील वास्तू दुसऱ्या माध्यमात उतरविताना काय टिकते आणि काय गळते, हा प्रश्न या परिसरात किमान दोन हजार वर्षांचा आहे. संगणकावर आरेखन करून लेझर किरणाने पुठ्ठा किंवा ॲक्रिलिक कापावयाचे आणि त्यातून वास्तूची प्रतिकृती उभारावयाची, ही पद्धती वास्तुकलेच्या शिक्षणात आता रुळली आहे. सिन्नर येथील गोंदेश्वर मंदिराच्या आधारे या पद्धतीची ऐतिहासिक पार्श्वभूमी आणि तिच्या मर्यादा यांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

मंदिर आणि त्याची रचना

नाशिकपासून सुमारे 30 किलोमीटर अंतरावरील सिन्नर हे सेउणदेशाच्या यादवांचे प्रारंभीचे महत्त्वाचे ठाणे होते. यादवकाळातील गोंदेश्वर हे पंचायतन मंदिर आहे. मध्यभागी शिवाचे पूर्वाभिमुख मुख्य मंदिर, समोर नंदीमंडप आणि चार कोपऱ्यांत विष्णू, गणेश, पार्वती व सूर्य यांची लहान मंदिरे अशी त्याची मांडणी आहे. शिखर भूमिज शैलीचे आहे. या शैलीत चारही बाजूंच्या मध्यावरून उभ्या लता वर जातात आणि त्यांच्यामधील भागात लहान लहान शिखरांच्या ओळी एकावर एक रचलेल्या असतात. वर जाताना प्रत्येक ओळीतील शिखराचा आकार कमी होत जातो. म्हणजेच शिखर हे शिखराच्याच प्रतिकृतींनी घडलेले असते. अशा वास्तूची प्रतिकृती करणे म्हणजे प्रतिकृतींची प्रतिकृती करणे होय.

आरेखनाची परंपरा

मध्ययुगीन स्थपती आरेखनाशिवाय काम करीत असत, असा समज योग्य नाही. मध्य प्रदेशातील भोजपूर येथील अपूर्ण शिवमंदिराच्या सभोवतालच्या खडकांवर तलविन्यासाच्या व शिखराच्या रेषा कोरलेल्या आढळतात. भोजाच्या नावावर असलेल्या 'समरांगणसूत्रधार' या ग्रंथात भूमिज प्रासादांचे वर्णन आहे. 'सूत्रधार' या शब्दातच मोजणीची दोरी आहे.

एकोणिसाव्या शतकात आरेखनाचा हेतू बदलला. उभारावयाच्या वास्तूऐवजी उभ्या असलेल्या वास्तूची नोंद हा आता त्याचा विषय झाला. 1868 मध्ये मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभॉय कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी अंबरनाथच्या भूमिज मंदिराची रेखाटने केली व शिल्पांचे साचे घेतले. फर्ग्युसन व बर्जेस यांच्या 1880 च्या ग्रंथात नाशिकच्या लेण्यांचा, तर हेन्री कझिन्स यांच्या 1931 च्या दख्खनमधील मंदिरांवरील ग्रंथात सिन्नरच्या मंदिरांचा समावेश झाला.

संगणकीय आरेखनाची सुरुवात 1963 मधील इव्हान सदरलँड यांच्या 'स्केचपॅड'पासून मानली जाते. 1982 मध्ये आलेल्या 'ऑटोकॅड'मुळे ते लहान कार्यालयांपर्यंत पोहोचले. लेझरचा इतिहास याला समांतर आहे. 1960 मध्ये थिओडोर मेमन यांनी पहिला लेझर कार्यान्वित केला. 1964 मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत कुमार पटेल यांनी कार्बन डायऑक्साइड लेझर सिद्ध केला. त्यांचा जन्म 1938 मध्ये बारामतीचा आणि अभियांत्रिकीचे शिक्षण पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील. या लेझरची अवरक्त ऊर्जा लाकूड, कागद व ॲक्रिलिक चांगल्या प्रकारे शोषून घेतात. म्हणूनच प्रतिकृतींच्या कामात त्याचा विशेष वापर होतो.

आरेखनातून छेदनाकडे

छापण्यासाठी केलेले आरेखन छेदनासाठी जसेच्या तसे चालत नाही. कागदावरील रेषा डोळ्यासाठी असते, तर यंत्रासाठी ती किरणाचा मार्ग असते. त्यामुळे प्रत्येक तुकड्याची कड बंद आकृती असावी लागते. एकाच जागी दोन रेषा एकावर एक पडल्या असतील तर किरण तेथून दोनदा जातो आणि कड जळते. आरपार कापावयाच्या रेषा व केवळ पृष्ठभागावर कोरावयाच्या रेषा वेगवेगळ्या लेअरवर, वेगवेगळ्या रंगांत ठेवाव्या लागतात. यंत्राची शक्ती व गती त्यावरून ठरविता येते.

किरणालाही जाडी असते. कापताना सुमारे 0.2 मिलिमीटर रुंदीचे द्रव्य जळून जाते असे धरल्यास, तुकड्याची प्रत्येक कड 0.1 मिलिमीटरने आत सरकते. 1:100 या प्रमाणात तुकड्याची एकूण रुंदी प्रत्यक्षातील 2 सेंटिमीटरने कमी भरते. म्हणून बाहेरील रेषा तेवढ्याच अंतराने बाहेर सरकवावी लागते.

शिखरासाठी आडव्या छेदांची चळत हा सोयीचा मार्ग आहे. प्रत्येक उंचीवरील तलविन्यास स्वतंत्र काढून, त्याला क्रमांक देऊन व खुंटीसाठी मध्यभागी छिद्र ठेवून तुकडे एकावर एक बसविले जातात. परंतु 3 मिलिमीटर जाडीचा एक थर 1:100 प्रमाणात 30 सेंटिमीटर उंची व्यापतो. त्याहून कमी उंचीचे थर, त्यांच्या खाचा व गोलाई या पायरीत लुप्त होतात. यादवकालीन मंदिराच्या बाह्यांगाचे सौंदर्य प्रामुख्याने अशाच आडव्या थरांवरील छायाप्रकाशात असते, हे लक्षात घेतले पाहिजे.

अचूकतेचा प्रश्न

याहून गंभीर प्रश्न पुराव्याचा आहे. लहान शिखर एकदा काढून त्याच्या प्रती लहान करीत वर नेणे संगणकावर काही क्षणांचे काम आहे. प्रत्यक्षात मात्र प्रत्येक दगड हाताने घडविलेला आहे. काही झिजले आहेत, काहींच्या कडा तुटल्या आहेत. प्रत करण्याच्या आज्ञेने ही सर्व भिन्नता पुसली जाते आणि मोजलेला भाग व गृहीत धरलेला भाग एकाच निःशंक रेषेत दिसू लागतो. साच्यात निदान मूळ दगडाचा तडा उमटत असे. संगणकीय रेषेत तो आरेखकाने मुद्दाम काढल्याशिवाय उमटत नाही. अशी प्रतिकृती पुढील अभ्यासकाने आधार म्हणून वापरली, तर गृहीतक हेच प्रमाण ठरण्याचा धोका असतो.

समारोप

गोंदेश्वराच्या रचनेत भूमितीचा नियम आहे आणि त्या नियमापासून घेतलेली हाताची सूटही आहे. संगणक पहिली गोष्ट उत्तम रीतीने दाखवितो. दुसरीसाठी मंदिरापाशी जाऊन फीत धरावी लागते. म्हणून महाविद्यालयीन स्तरावर अशा प्रतिकृतींचे काम हाती घेताना प्रत्यक्ष मोजलेल्या रेषा, जुन्या आराखड्यांवरून घेतलेल्या रेषा आणि अनुमानाने पूर्ण केलेल्या रेषा तीन स्वतंत्र लेअरवर ठेवणे, मोजणीची तारीख आराखड्यावर नोंदविणे आणि अनुमानित भाग वेगळ्या रंगाच्या पुठ्ठ्यातून कापणे आवश्यक आहे. असे केल्यास प्रतिकृती शोभेची वस्तू न राहता वास्तुइतिहासाचे विश्वसनीय साधन ठरेल.